इमर्जन्सीत घरच्या माणसाला आत थांबू द्यावं का? (अनुभव आणि मतं हवीत)

रानजाई:

पेशंटवर सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करतात तो प्रयत्न) चालू असताना, श्वासासाठी घशातून ट्यूब टाकताना, हृदयाला शॉक देताना घरच्या एका माणसाला तिथे उभं राहू द्यावं की नाही, यावर इथल्या लोकांची मतं हवी आहेत. डॉक्टर, सिस्टर आणि ज्यांच्यावर अशी वेळ येऊन गेलीय त्या सगळ्यांनीच लिहा. माझं मत आधीच सांगते, निदान विचारलं तरी पाहिजे. "तुम्हाला आत थांबायचंय का", बस्स.

आमच्याकडे काय झालं ते लिहिते. सासऱ्यांना रात्री छातीत कळ आली, घामाने बनियन भिजलं, आम्ही १०८ बोलावली. गाडीत डॉक्टर होते आणि सासूबाई सासऱ्यांच्या शेजारीच बसल्या होत्या, ऑक्सिजन, ईसीजी, सलाईन सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर चाललेलं, ते डॉक्टर मधूनमधून सांगत पण होते की आजी, बीपी कमी होतंय, आपण पोचतोय आता. हॉस्पिटलला पोचलो, स्ट्रेचर कॅज्युअल्टीत गेलं आणि दार बंद. नातेवाईक बाहेर थांबा. नवऱ्याच्या तीन-चार कागदांवर सह्या घेतल्या, कशाच्या ते वाचायला कुणाला सुचतंय. मग थोड्या वेळाने दार किलकिलं झालं आणि सिस्टरनी एका प्लास्टिकच्या पिशवीत घड्याळ, अंगठी, चष्मा आणि दातांची कवळी आणून दिली. सासूबाई ती पिशवी बघून खालीच बसल्या. कवळी काढून दिली म्हणजे माणूस गेला असंच त्यांना वाटलं. खरं म्हणजे तेव्हा ते होते अजून, ट्यूब टाकायची म्हणून कवळी काढली होती, पण हे आम्हाला कितीतरी नंतर एका ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्या वेळी कुणी काही बोललं नाही. शेवटी डॉक्टर बाहेर आले ते प्रयत्न केले पण वाचवू शकलो नाही हे सांगायलाच.

हॉस्पिटलबद्दल तक्रार नाही माझी, त्यांनी प्रयत्न केले असणार. पण सासूबाई अजून विचारतात की शेवटी त्यांना फार त्रास झाला का, काही बोलले का. अॅम्ब्युलन्समध्ये इतका वेळ ज्या बाईने नवऱ्याचा हात धरला होता तिला दाराशी आल्यावर बाहेर का काढलं हे मला खरंच समजून घ्यायचंय.

———

कॅज्युअल्टी_डॉक:

ताई, वाचून वाईट वाटलं. मी एका सरकारी मेडिकल कॉलेजला रेसिडेंट (पीजी करत असलेला डॉक्टर) आहे, आमच्या बाजूने लिहितो.

आमची कॅज्युअल्टी म्हणजे एक हॉल आहे. रात्री एकाच वेळी तिथे विष प्यालेला पेशंट असतो, बाइकवरून पडलेला असतो, दम लागलेला म्हातारा असतो, आणि मध्ये हिरवे पडदे, ते पण काही ठिकाणी तुटलेले. सीपीआर म्हणजे मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, आणि दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदलायचा कारण दोन मिनिटांत हात गळून जातात. एक जण डोक्याशी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) घेऊन, एक जण शीर शोधत, एक जण औषध भरत. हे पुस्तकातलं झालं. प्रत्यक्षात आम्ही तिघं असतो, त्यातला एक इंटर्न. आता यात नातेवाइकाला उभं कुठे करू आणि त्याच्याशी बोलायचं कुणी?

दुसरं म्हणजे एक माणूस आत येत नाही हो. एकाला घेतलं की मागून पंधरा येतात, त्यात एक जण मोबाईल काढून शूटिंग करतो, एक जण कुणातरी नगरसेवकाला फोन लावून तो फोन माझ्या कानाला लावायला बघतो, माझे हात पेशंटच्या छातीवर असताना. २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्यात काय झालं ते आठवत असेल, नातेवाइकांनी रेसिडेंटला इतकं मारलं की डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभर रेसिडेंट रजेवर गेले, मग सुरक्षारक्षक आले, एका पेशंटमागे दोन नातेवाइकांना पास हा नियम आला. कायदा २०१० पासून आहेच, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, नुकसानीच्या दुप्पट भरपाई. कायदा असून भीती गेलेली नाही. दार बंद करतो तेव्हा मनात हे सगळं असतं. पेशंटच्या बायकोवर राग नसतो आमचा.

———

वसुधा_सिस्टर:

मी स्टाफ नर्स, आधी सरकारीत, आता ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये आयसीयूला. डॉक्टरसाहेब म्हणतायत ते खरं आहे पण पूर्ण नाही.

आत काय दिसतं ते सांगते म्हणजे ज्यांना आत यायचंय त्यांना कल्पना येईल. कपडे काढत बसायला वेळ नसतो, कात्रीने कापतो. बाईमाणूस असेल तरी छाती उघडी करावी लागते, पॅड चिकटवायचे असतात. म्हातारं माणूस असेल तर दाबताना बरगडी मोडते आणि तो आवाज येतो, आम्हाला हाताखाली पण कळतं. तोंडातून फेस, उलटी, कधी रक्त येतं, सक्शन लावतो त्याचा घरघर आवाज. शॉक दिल्यावर अंग झटका खातं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल की हे मारतायत माझ्या माणसाला. म्हणून कुणी समजावून सांगणारं शेजारी नसेल तर आत घेऊ नये हे माझं स्पष्ट मत आहे.

पण शेजारी कुणी असेल ना, तर फार वेगळं होतं. आमच्याकडे एक मुलगी होती, कॉलेजची, वडील आयसीयूत अचानक अरेस्ट झाले, म्हणजे हृदय बंद पडलं, तेव्हा ती तिथेच पाय चेपत बसलेली. तिला बाहेर काढायला कुणाला सवडच झाली नाही. मी तिला पायाशीच उभी केली, खांदा धरून, म्हटलं बघ आता छाती दाबतायत म्हणजे मेंदूला रक्त जातंय, आता दाबणं थांबवून मॉनिटर बघतील, ती रेघ बघ. बाबांचा पाय धर आणि बोल त्यांच्याशी. ती सगळा वेळ पप्पा पप्पा करत बोलत होती. वडील गेले. पण आमच्या सरांनी थांबवायचं ठरवलं तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि तीच म्हणाली, सर बास करा आता. बाहेर तिचे काका लोक चिडून आरडाओरडा करत होते की काही केलंच नाही, बिल वाढवायला ठेवलं होतं, त्यांना तिने सांगितलं की मी होते आत, सगळं केलं त्यांनी. आम्ही शंभर वेळा सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

रानजाई, कवळीचं वाचून पोटात कालवलं. दागिने, कवळी, चष्मा नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचे असतात, रजिस्टरला सही घ्यायची असते, म्हणून सिस्टर ते करते. पण देताना "ट्यूब टाकायचीय म्हणून काढलीय, प्रयत्न चालू आहेत" हे दोन शब्द बोलायला काहीच लागत नाही. हे मात्र आमच्या लोकांना शिकवायलाच पाहिजे.

———

मिरजकर:

वसुधाताई +१. त्या मुलीचं धैर्य मोठं.

———

शोधयात्री:

या विषयावर अभ्यास झालेले आहेत, थोडं लिहितो.

सुरुवात अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या जॅक्सन गावातल्या फूट हॉस्पिटलपासून मानतात. १९८२ साली तिथे दोन वेगवेगळ्या प्रसंगांत घरच्यांनी आपल्या माणसापासून लांब राहायला नकार दिला, आणि त्यावरून तिथल्या लोकांना प्रश्न पडला की आपण सगळ्यांना बाहेर का काढतो. मग त्यांनी ज्यांची माणसं तिथे गेली होती अशा १८ नातेवाइकांना विचारलं, त्यातले १३ म्हणाले की आम्हाला आत थांबायला आवडलं असतं. तिथून त्यांनी रीतसर पद्धत सुरू केली, बरोबर थांबायला एक ठरलेला माणूस देऊन. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इमर्जन्सी नर्सेसच्या संघटनेने पाठिंब्याचा ठराव केला आणि २००० च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या गाइडलाइनमध्ये हे आलं. म्हणजे नर्सेस डॉक्टरांच्या पुढे होत्या हे लक्षात घ्या.

सगळ्यात मोठा अभ्यास फ्रान्समधला, २०१३ ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. तिकडे इमर्जन्सीची डॉक्टर असलेली गाडी घरीच येते आणि घरीच सीपीआर करतात. अशा १५ पथकांत ५७० नातेवाईक घेतले. काही पथकांनी नातेवाइकांना ठरवून विचारायचं की थांबायचंय का आणि समजावून सांगायचं, बाकीच्यांनी नेहमीसारखं करायचं. विचारलं तिथे ७९ टक्के लोकांनी सीपीआर बघितला, नेहमीच्या पद्धतीत ४३ टक्क्यांनी. ९० दिवसांनी फोन करून तपासलं तर ज्यांना विचारलं नव्हतं त्या गटात मानसिक आघाताची लक्षणं जास्त निघाली. पेशंट वाचण्याच्या प्रमाणात फरक नाही, पथकावरच्या ताणात फरक नाही, कोर्टकचेरी झाली नाही.

कॅज्युअल्टी_डॉक, तुमच्या मुद्द्यांतला कामात अडथळा येतो हा मुद्दा या अभ्यासात तरी टिकला नाही.

———

कॅज्युअल्टी_डॉक:

शोधयात्री, माहितीबद्दल धन्यवाद, पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की तो अभ्यास पेशंटच्या घरातला आहे. बेडरूममध्ये एक पेशंट, एक बायको, फ्रेंच पथक. त्यावरून आमच्या कॅज्युअल्टीबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. आमच्याकडे पेशंट रिक्षातून, टेम्पोतून, जीपमधून येतो, बरोबर अख्खी गल्ली येते. आणि शेजारच्या कॉटवरच्या पेशंटच्या प्रायव्हसीचं काय? त्याची बायको पडद्याच्या फटीतून दुसऱ्याचा सीपीआर बघत असते.

एक मान्य करतो. वसुधा सिस्टरनी लिहिलंय तसं मी पण बघितलंय, जो नातेवाईक आतून बघतो तो सहसा हात उचलत नाही. मारायला येतात ते बाहेरून आलेले, उशिरा पोचलेले, गावाहून आलेले.

———

एकटा_पांथस्थ:

मी उलट बाजूने लिहिणार आहे, कुणी वाईट वाटून घेऊ नका.

माझ्या मोठ्या भावाच्या वेळी मी आत होतो. मला कुणी विचारलं नव्हतं. मी त्याच्या कॉटशी होतो, एकदम बीप बीप सुरू झालं, लोक धावत आले, आणि मी भिंतीला चिकटून उभा राहिलो ते शेवटपर्यंत. कुणाचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. मला कळतच नव्हतं काय चाललंय. एक जण कॉटवर गुडघा टेकून दाबत होता आणि दादाचा हात कॉटच्या बाहेर लोंबकळत होता, प्रत्येक दाबाबरोबर हलत होता. मला वाटत होतं तो हात हलवतोय म्हणजे जिवंत आहे. कुणीतरी सांगायला हवं होतं की तो दाबण्यामुळे हलतोय.

अजून झोपेत तो हात दिसतो. वहिनी बाहेर होती, तिच्या डोळ्यांपुढे दादा सकाळी चहा पिताना दिसतो तोच शेवटचा आहे, आणि तिला तेच बरं वाटतं, ती तसं बोलून दाखवते. तेव्हा कृपया ही सक्ती करू नका, आणि "बायको असून आत गेली नाही" असं तर कुणी म्हणायलाच नको, आपल्याकडे लोक तेही म्हणतील.

———

रानजाई:

पांथस्थ दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. सक्ती मी कधीच म्हणणार नाही. तुमच्या बाबतीत पण तेच झालं ना, तुम्हाला कुणी विचारलं नाही. सासूबाईंना न विचारता बाहेर काढलं, तुम्हाला न विचारता आत राहू दिलं. आणि दोघांनाही कुणी काही सांगितलं नाही.

———

लीड्सची_मीनल:

मी इंग्लंडमध्ये ए अँड ई मध्ये (म्हणजे इकडची कॅज्युअल्टी) नर्स आहे, आधी पुण्यात काम केलंय, त्यामुळे दोन्हीकडचं माहितीय.

इकडे आमच्या डिपार्टमेंटला रिससला (अगदी गंभीर पेशंटच्या खोलीत) पेशंट येतोय असा फोन आला की टीम लीडर कामं वाटून देतो, तू एअरवे (श्वासाचा मार्ग), तू कम्प्रेशन (छाती दाबणं), तू ड्रग्ज (औषधं), आणि त्यातच "फॅमिलीबरोबर कोण" हे पण ठरतं. ती व्यक्ती दुसरं काही काम करत नाही. आधी बाहेर जाऊन सांगायचं की आत काय दिसेल, ट्यूब असेल, छाती दाबत असतील, कपडे नसतील. मग विचारायचं. हो म्हणाले तर बरोबर घेऊन यायचं, कुठे उभं राहायचं ते दाखवायचं, हात लावायला जागा असेल तर लावू द्यायचा, कधीही बाहेर जावंसं वाटलं तर मी घेऊन जाते असं आधीच सांगायचं. शॉकच्या वेळी मात्र हात सोडायला लावतो. नको म्हणाले तर रिलेटिव्ह्ज रूममध्ये बसवून दर थोड्या वेळाने जाऊन सांगायचं. आणि फार आरडाओरड करणारा, प्यालेला किंवा टीमच्या अंगावर येणारा असेल तर आत घेत नाही, हे टीम लीडर ठरवतो आणि त्याबद्दल कुणी वाद घालत नाही.

इथे पण सगळ्यांना आवडतं असं नाही. काही सीनियर डॉक्टर अजून नाखूश असतात, म्हणतात बायको बघत असेल तर थांबवणं जड जातं. ते खरंय, जड जातं. पण बायकोच्या समोर थांबवताना लीडर मोठ्याने विचारतो, सगळ्यांचं एकमत आहे का, कुणाला आणखी काही सुचतंय का, आणि ते तिने ऐकलेलं असतं.

पुण्यात असताना मी पण लोकांना बाहेरच काढायचे, तेव्हा तीच पद्धत होती, माणूसबळ नसतं हे मला पूर्ण माहितीय. पण डॉक, "नातेवाइकांबरोबर कोण" हा माणूस नर्सच असायला हवा असं नाही.

———

दोन_पिल्लांची_आई:

मोठ्यांचं माहीत नाही पण लहान मुलांच्या बाबतीत तरी आईला बाहेर काढू नका हो.

माझ्या धाकट्याला तापात झटका आला तेव्हा आम्ही जवळच्या बालरोगतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये पळालो. तो निळा पडलेला, डोळे वर. डॉक्टरांनी नाकात स्प्रे मारला, कुशीवर वळवलं, आणि मला म्हणाले आई, तुम्ही इकडे डोक्याशी या, हा मास्क असा धरा, नाव घेऊन बोला त्याच्याशी, झटका थांबतोय, बघा हात सैल पडतोय. माझे हात थरथरत होते पण करायला काही तरी मिळालं. थोड्या वेळात तो रडला आणि त्याला पहिली मीच दिसले.

नंतर एकदा डिहायड्रेशनला दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये अॅडमिट केलं तर सलाईनची सुई लावताना मला बाहेर काढलं आणि मावशींनी त्याला चादरीत गुंडाळून धरला. बाहेर मी त्याचं किंचाळणं ऐकत होते. का? मी रडेन म्हणून? मी नसते रडले. मांडीवर घेऊन बसले असते तर तो निम्मा शांत राहिला असता. पुढे कित्येक दिवस कुठलाही पांढरा कोट दिसला की तो माझ्या मागे लपायचा.

———

वसुधा_सिस्टर:

पिल्लांच्या आई, बरोबर आहे तुमचं. काही आया खरंच चक्कर येऊन पडतात आणि मग आम्हाला दोन पेशंट होतात, त्या भीतीने सरसकट काढतात. पण खुर्ची देऊन बसवलं तर पडत नाहीत, साधी गोष्ट आहे.

———

अॅड_देशस्थ:

कायद्याचं कुणी विचारलं नाही तरी लिहितो, कारण अशा चर्चांत लोक "आमचा हक्क आहे" म्हणून भांडायला जातात.

सीपीआरच्या वेळी आत थांबण्याचा असा वेगळा हक्क आपल्याकडे कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही. रुग्णहक्कांची सनद आहे, महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी ती दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, तुमच्या जवळच्या हॉस्पिटलात लावलीय का बघा. त्यात माहिती मिळण्याचा हक्क आहे, संमतीचा आहे, आणि पुरुष डॉक्टर बाईची तपासणी करत असेल तर दुसरी बाई हजर असण्याचा आहे. त्यामुळे माहितीसाठी ठामपणे विचारू शकता. जीव वाचवण्याची तातडी असेल तर संमतीसाठी न थांबता डॉक्टरांना उपचार करता येतात, सुप्रीम कोर्टाने २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात हे स्पष्ट केलंय. तेव्हा अशा वेळी डॉक्टरला अडवून "आधी मला सगळं सांगा" म्हणणं चुकीचं आहे.

आत थांबणं हा सध्या हॉस्पिटलच्या धोरणाचा भाग आहे, म्हणजे धोरण बदलता येतं. उदाहरण देतो. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला लेबर रूममध्ये घरची बाई बरोबर असू द्यायची हे केंद्राने २०१६ मध्ये मान्य केलं. त्याआधी हेच ऐकू यायचं, जागा नाही, गर्दी होईल, इन्फेक्शन होईल, बाई चक्कर येऊन पडेल. आज बऱ्याच ठिकाणी सोबतीण आत असते.

———

आप्पा_निवृत्त:

मी पंच्याहत्तरीचा आहे. सगळे बायको-मुलांचं बोलताहेत, पेशंटचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

रानजाई बाळ, मला विचारशील तर माझ्या वेळी हिने तिथे असावं असं मला वाटतं. हिला बघवेल का ते हिने ठरवावं, पण माझी ना नाही. आणि मी मुलांना सांगून ठेवलंय की आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल तर माझी छाती दाबू नका. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायला, म्हणजे लिव्हिंग विल करायला, मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मी केलंय. पण कागद कपाटात आणि मुलगा दाराबाहेर असेल तर आतल्या डॉक्टरला कळणार कसं? त्याने तर दाबायला सुरुवात केलेली असणार, आणि ते बरोबरच आहे, त्याचं कामच ते. म्हणून पण घरचं कुणीतरी आत हवं.

———

रानजाई:

आप्पा, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. हे घरात सगळ्यांशी आधी बोलून ठेवायला हवं.

———

कॅज्युअल्टी_डॉक:

काल नाईट होती, आत्ता वाचतोय सगळं. मीनल ताईंचं "नातेवाइकांबरोबर कोण" हे डोक्यात राहिलं. आमच्याकडे समाजसेवा अधीक्षक असतात, समाजकार्यात एमएसडब्ल्यू पदवी घेतलेले, पेशंटला योजनांची मदत मिळवून देणं, बेवारस पेशंटच्या घरच्यांना शोधणं ही कामं करतात. लोकांशी बोलायला आमच्यापेक्षा कितीतरी चांगले. दिवसा त्यांना बोलावता येईल. रात्री कुणी नसतं, आणि अरेस्ट रात्रीच जास्त बघतो आम्ही. रात्री इंटर्नला हे काम देता येईल, तो शीर शोधण्यात जेवढा उपयोगी पडतो त्यापेक्षा इथे जास्त पडेल, आणि त्याला पण शिकायला मिळेल की वाईट बातमी कशी सांगायची, जे आम्हाला कुणी धड शिकवलंच नाही.

माझ्या अटी सांगतो. एकच माणूस. मोबाईल बाहेर दुसऱ्याकडे देऊन. कॉटच्या पायाशी उभं राहायचं. टीममधला सीनियर नाही म्हणाला तर नाही. आणि शेजारच्या कॉटला पूर्ण पडदा असेल तरच. एवढं झालं तर मी माझ्या युनिटमध्ये सरांशी बोलायला तयार आहे. सगळीकडे होईल असं म्हणत नाही, पण आयसीयूत नक्की जमेल, तिथे जागा पण असते आणि नातेवाईक पण ओळखीचे झालेले असतात. सुरुवात तिथून करावी.

———

एकटा_पांथस्थ:

डॉक्टर, अटींत आणखी एक घालाल का? आत असलेल्या माणसाला नंतर कुणीतरी भेटावं. तेव्हा नाही, दोन-चार दिवसांनी. मला त्या हाताबद्दल विचारायचं होतं आणि कुणाला विचारायचं तेच कळलं नाही, आयसीयूत परत जायचं धाडस झालं नाही. शेवटी या धाग्यावर लिहिताना पहिल्यांदा कुणाला सांगितलं.

———

वसुधा_सिस्टर:

दादा, तो हात दाबण्यामुळेच हलत होता. आणि हृदय बंद पडल्यावर काही सेकंदांत शुद्ध जाते, त्यामुळे त्यांना वेदना जाणवत होत्या असं समजू नका. तुम्ही त्या हॉस्पिटलला पत्र देऊन केस पेपर मागू शकता आणि तिथल्या आयसीयू इनचार्ज सिस्टरना भेटा, बहुतेक जणी बोलतात. झोपेचा त्रास एवढा असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना पण दाखवा, अशा आघाताला उपचार आहेत, सरकारी टेलिमानसची १४४१६ ही हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात.

रानजाई, तुमच्या सासूबाईंनाही हेच सांगा. ट्यूब टाकली तेव्हा त्यांना शुद्ध नसणार किंवा गुंगीचं औषध दिलेलं असणार. आणि ट्यूब टाकल्यावर माणूस बोलू शकत नाही, म्हणजे ते काही बोलले असतील तर ते अॅम्ब्युलन्समध्ये, त्यांच्याशीच.

———

रानजाई:

सिस्टर, हे आत्ताच त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या की गाडीत ते "गॅस बंद केलास का" असं विचारत होते. हे त्यांनी आम्हाला आजपर्यंत सांगितलं नव्हतं.

सगळ्यांनी लिहिलंय त्यावरून आमच्या इथल्या हॉस्पिटलला द्यायला एक पत्र लिहायचं म्हणतेय. तक्रार अजिबात नाही, विनंती. एका माणसाला विचारणं, त्याच्याजवळ एक जण उभं असणं, बाहेर थांबलेल्यांना दर दहा मिनिटांनी निरोप, वस्तू देताना कारण सांगणं, आणि नंतर भेटीसाठी एक नाव आणि फोन. काही राहिलं असेल तर सांगा.

———

लीड्सची_मीनल:

बाहेर थांबलेल्यांना बसायला कॅज्युअल्टीच्या दारासमोरून थोडी बाजूला जागा, हे घाला. दारासमोरच बाकडी असली की प्रत्येक वेळी दार उघडलं की सगळे उठून उभे राहतात आणि तिथूनच धक्काबुक्की सुरू होते.

———

मिरजकर:

रानजाई, पत्राचा मसुदा झाला की इथे टाका. सरकारी दवाखान्यांत रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे थोडाफार निधी असतो, त्यातून पडदे, खुर्च्या असल्या गोष्टी होऊ शकतात. आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या समितीवर माझे मेहुणे आहेत, पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत घ्यायला सांगतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या अटी पण त्यातच लिहा, एक माणूस, मोबाईल बाहेर, सीनियरचा शब्द शेवटचा, नाहीतर तिथले मेडिकल ऑफिसर पहिल्या ओळीलाच नाही म्हणतील.